जादा खोलीतली साठ पोती

१

मे महिन्याचा शेवटचा सोमवार. सकाळचे साडेआठच वाजले होते, तरी बुलढाण्याच्या पठारावर ऊन डोळ्यांवर यायला लागलं होतं. उभारी बियाणे कंपनीचे स्टोअरकीपर किसनराव सुरडकर आवाराच्या मागच्या बाजूला असलेल्या धाकट्या कोल्ड रूमपुढे आले. जुडग्यातली किल्ली निवडून त्यांनी कुलपाला हात घातला, तर कुलूप हातातच आलं. त्याची कडी करवतीनं कापलेली होती.

किसनरावांनी दार ओढलं. आतून नेहमीसारखी गार हवा आली, दिवा लागला. लाकडी फळ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळ्या पडल्या होत्या. रजिस्टरप्रमाणे तिथं मक्याच्या मादी वाणाची साठ पोती असायला हवी होती.

संकरित मक्याचं बी तयार करायचं तर दोन वाण लागतात, एक नर आणि एक मादी. नर थोडा पुरतो. मादी वाणावर मात्र सगळा डोलारा उभा असतो. उभारी कंपनीत हे मादी बी दोन ठिकाणी ठेवायची पद्धत होती. चालू हंगामाचं मोठ्या खोलीत आणि तेवढंच आणखी, जादा म्हणून, धाकटीत. गेली सात वर्षं धाकटीतल्या पोत्यांची गरज पडली नव्हती. ती आज पहिल्यांदाच पडली होती, कारण मोठ्या खोलीतलं बी उगवण चाचणीत नापास झालं होतं. संग्रामपूर तालुक्यात दीडशे एकर जमीन नांगरून तयार होती आणि आठ-दहा दिवसांत पेरणी व्हायची होती.

कंपनीचे मालक भालचंद्र खेडकर धावत आले. त्यांनी आधी फाटकावरच्या रखवालदाराला बोलावलं. शनिवारच्या संध्याकाळपासून एकही गाडी आत आली नाही आणि एकही बाहेर गेली नाही, असं रखवालदार शपथेवर सांगत होता. फाटकाचा कॅमेराही तेच सांगत होता. भोवतालची भिंत दहा फुटी, वर काचा.

एका पोत्यात वीस किलो, म्हणजे साठ पोती बारा क्विंटल. बारा क्विंटल माल काही कुणी खिशात घालून नेत नाही.

२

मुबीना देशमुख त्या सकाळी चिखलीच्या रस्त्याला लागली होती. ती विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करत असे. वीस वर्षांत तिनं जळलेली जिनिंगं, बुडालेली गोदामं आणि मुद्दाम उलटवलेले ट्रक इतके पाहिले होते की माणूस काय सांगतो ते ऐकण्याआधी वस्तू काय म्हणते ते ती पाही. भालचंद्ररावांचा फोन आला तेव्हा तिनं गाडी वळवली.

ती या कंपनीत एप्रिलमध्येही आली होती. तेव्हा वादळात डीपी जळून चार दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी कंपनीचा जनरेटरही बसला, मोठी खोली तापली आणि आतलं बी घामेजलं. त्या नुकसानीची पाहणी तिनंच केली होती.

"मुबीनाताई, पोलिसांत जायचंच आहे," भालचंद्रराव म्हणाले, "पण एकदा गाडी आली की तालुक्यात बोभाटा होईल. शेतकरी आमच्या भरवशावर जमीन तयार ठेवून बसले आहेत. संध्याकाळी सहापर्यंत थांबतो. तेवढ्यात काय दिसतं ते पाहा."

त्यांच्याशेजारी त्यांचा पुतण्या आल्हाद बसला होता. आठ महिन्यांपूर्वी तो पुण्याहून येऊन कंपनीचा व्यवस्थापक झाला होता. त्याच्यासमोर एक यादी होती आणि ती लपवण्याचा त्यानं प्रयत्न केला नाही. यादीचं नाव होतं 'जादा'. धाकटी खोली, दुसरा जनरेटर, प्रयोगशाळेतली दुसरी मदतनीस गौसिया, दुसरा इलेक्ट्रिशियन कय्यूम. दुसरा जनरेटर मार्चमध्ये विकून झाला होता. जूनअखेर बाकीचं संपवायचं होतं.

मुबीनानं त्याला त्याची बाजू विचारली. तो शांतपणे सांगत गेला. जी वस्तू वर्षानुवर्षं वापरात नाही, ती कंपनीच्या पाठीवरचं ओझं असते. तिला वीज लागते, जागा लागते, माणूस लागतो. शिवाय जादा असलं की माणसं ढिली पडतात, चूक झाली तरी भागून जातं म्हणून चूक दिसत नाही.

"यात खोटं काहीच नाही," मुबीना म्हणाली. "फक्त एक सांगा. दुसरा जनरेटर असता तर एप्रिलमध्ये मोठी खोली तापली असती?"

आल्हादनं यादी उलटी करून ठेवली. "नाही," तो म्हणाला. "ते मला रोज रात्री आठवतं."

मग तिनं विचारलं की आज धाकटी खोली उघडणार हे कुणाकुणाला माहीत होतं. शनिवारी दुपारी बैठक झाली होती. बैठकीला हे दोघं, प्रयोगशाळेच्या प्रमुख प्रतिमा राजूरकर, किसनराव आणि चाचणीचा निकाल घेऊन आलेली गौसिया होती. कय्यूमला नंतर कळवलं होतं, कारण रविवारची रात्रपाळी त्याची होती.

"आणि करवत त्याचीच आहे," आल्हाद जड आवाजात म्हणाला. "खोलीमागच्या गवतात सापडली. त्याला आम्ही फाटकाजवळच्या खोलीत बसवून ठेवलंय. सहा वाजता पोलिसांना द्यायचं नाव दुसरं कुठलं आहे?"

३

मुबीनानं घड्याळ पाहिलं. साडेदहा. तिनं ते कापलेलं कुलूप मागून घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि किसनरावांपासून सुरुवात केली.

किसनराव कंपनीतले बावीस वर्षांचे जुने. घाम पुसत, प्रत्येक वाक्याला रजिस्टरवर हात ठेवत बोलत होते. दर मार्चमध्ये आपण माल मोजतो, यंदाही मोजला, साठ भरला, असं त्यांनी सांगितलं. कसा मोजला, हे मुबीनानं विचारलं.

"दारातून दिसते ना सारं. समोर बारा कट्ट्यांची वळ, तिच्या मांगं चार वळी. बारा पंचे साठ."

"मागच्या वळी, मागच्या रांगा, डोळ्यांनी पाहिल्या?"

"मांगं जायले जागाच नाही. आन् जादा माल तो, मॅडम. त्याले कोण हात लावते?"

किल्ल्या दोनच होत्या. एक त्यांच्या जुडग्यात, दुसरी मालकाच्या कपाटात लाखेचं सील लावलेल्या पाकिटात. ते सील शाबूत असल्याचं मुबीनानं स्वतः पाहिलं. किसनराव रजेवर गेले तर त्यांचं जुडगं प्रयोगशाळेत राही, कारण नमुने काढायला कुलपं उघडावी लागत. प्रत्येक वेळी रजिस्टरात सही होई.

गौसिया पंचविशीतली मुलगी होती. आपलं नाव यादीत आहे हे तिला माहीत होतं आणि त्याचं दुःख तिनं बाजूला ठेवलं होतं. मोठ्या खोलीतल्या बियाची चाचणी तिनंच घेतली. शंभरात एकसष्ट दाणे उगवले, कंपनी नव्वदच्या खाली बी देत नाही.

"प्रतिमा मॅडमले आधी दाखवलं मी," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, घाई करू नको, पुढच्या आठवड्यात परत चाचणी लाव, मग सरांले सांगू. पण मी आधीच दोनदा लावली होती. काम कमी असते ना आजकाल मले, म्हणून जोडीनं दुसरी पण लावली. दोन्हीचा आकडा सारखाच. मग सरळ बैठकीत घेऊन गेले."

"बाई रागावल्या?"

"नाही. निकालाचा कागद परत परत वाचत राह्यल्या."

प्रतिमा राजूरकर पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. हा मका त्यांनीच घडवला होता, बारा वर्षं एकेक कणीस निवडून. त्या फार ताठ बसत आणि मोजकं बोलत. गौसियाला थांबायला का सांगितलं, या प्रश्नावर त्या म्हणाल्या की चाचणी दोनदा घेणं हा शास्त्राचा नियम आहे. रविवारी आपण आलो होतो हे त्यांनी आपण होऊनच सांगितलं. दुपारी तीन ते पाच, पायी, नमुने पाहायला. फाटकावर सही आहे.

"मला विचाराल तर यात गूढ काही नाही," त्या म्हणाल्या. "नोकरी जाणार म्हणून चिडलेला माणूस, रात्रीची पाळी आणि हातात करवत."

"आणि बारा क्विंटल माल बाहेर कसा गेला?"

"ते तुम्ही शोधायचं," प्रतिमाबाई म्हणाल्या.

मुबीना तिथून उठली आणि व्हरांड्यात एकटी बसली. तिच्या वडिलांचं बुलढाण्यात घड्याळं आणि कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. शाळेतून आली की ती तिथंच बसे. तिनं पर्समधून कुलूप काढलं. सात लिव्हरचं जुनं, दणकट कुलूप. बंद कुलपाची कडी मध्येच कापली तर तिचा एक तुकडा कुलपाच्या पोटात घट्ट अडकून राहतो, कारण आतल्या लिव्हर त्याला धरून असतात. तिनं तो तुकडा चिमटीत धरून ओढला.

तो अलगद वर आला.

म्हणजे कडी कापली तेव्हा कुलूप बंद नव्हतंच. आधी ते किल्लीनं उघडलं होतं आणि मग, उघडं असतानाच, करवत चालवली होती. किल्ली असलेल्या माणसाला चोर बाहेरचा दाखवायचा होता. कय्यूमकडे किल्ली नव्हती. किल्ली एकाच माणसाच्या जुडग्यात होती आणि तो माणूस सकाळपासून रजिस्टरवर हात ठेवून घाम पुसत होता.

४

किसनरावांचं नाव जवळजवळ तिच्या जिभेवर आलं होतं. पण साठ पोती आणि बंद फाटक हे कोडं त्या नावानं सुटत नव्हतं. ती कय्यूमला भेटायला गेली.

छप्पन्न वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा कय्यूम मिस्त्री बाकावर बसून होता. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. करवत आपलीच आहे, ती मोटारघरात उघड्यावर असते, कुणीही उचलू शकतं, एवढंच तो म्हणाला. मुबीनानं त्याला वेगळाच प्रश्न केला. "कय्यूमभाई, तुमचं नेमकं काम काय?"

तो कसनुसा हसला. "खरं सांगू? काम नाही. मोठ्या मोटारी तो दुसरा मिस्त्री पाह्यतो. मी धाकटीची मोटर आन् तिचा कागद पाह्यतो."

"कसला कागद?"

कय्यूम तिला धाकट्या खोलीच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेला. तिथं, खोलीच्या बाहेरून, काचेच्या झाकणात एक गोल कागद बसवलेला होता. तो घड्याळासारखा सावकाश फिरे, आठवड्यात एक फेरा, आणि एक शाईची सुई त्यावर आतलं तापमान सतत लिहीत राही. मोठ्या खोलीवरचं असं यंत्र कधीच बिघडून फेकलं गेलं होतं. हे चालू राहिलं, कारण त्याला शाई घालायला आणि दर सोमवारी दुपारी कागद बदलायला एक रिकामा माणूस होता. आजचा कागद अजून बदललेला नव्हता.

मुबीनानं झाकण उघडलं. रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सुई झर्रकन वर चढली होती आणि अर्ध्या तासानं खाली आली होती. दार उघडल्याची खूण. त्यानंतर सोमवारी सकाळी साडेआठपर्यंत दार हललंही नव्हतं.

"रात्री कोणी उघडलंच नाही," ती म्हणाली. "तुमची पाळी किती वाजता सुरू झाली?"

"सहाले. सही हाय फाटकावर."

कय्यूम सुटला होता. पण मुबीनाची नजर कागदावरून हलेना. रविवार दुपारनंतर रेघेला बारीक, टोकदार दाते होते, करवतीच्या पात्यासारखे. त्याआधीही दाते होते, किंचित रुंद. मोटर चालू झाली की तापमान उतरतं, बंद झाली की चढतं, म्हणून दाते पडतात, हे कय्यूमनं समजावलं.

"पहिले असे नव्हते हे," तो म्हणाला. "लाटेसारखे मोठे मोठे असत. अलीकडं मोटर घडी घडी चालू होते. मले वाटलं गॅस गळून राह्यला. प्रयोगशाळेच्या मॅडमले सांगतलं, आत जाऊन पाह्यतो. त्या म्हणाल्या, दमट हवा जाईल, दार उघडू नको. एप्रिलात डीपी जळाली तवा धाकटीचा आपला येगळा छोटा जनरेटर हाय, तो चालू होता. मी म्हटलं, मोठीतले कट्टे इकडं हलवू. तवाही म्हणाल्या, जागा नाही, धाकटी भरून हाय."

मुबीना हळूच म्हणाली, "जुने कागद आहेत?"

कय्यूमनं मोटारघरातली पत्र्याची पेटी उघडली. सात वर्षांचे सगळे कागद तारखेनुसार सुतळीनं बांधलेले होते. कुणी ठेवायला सांगितले होते, असं तिनं विचारलं. कुणीच नाही, तो म्हणाला, रिकामं बसून पगार घेणं बरं वाटत नव्हतं.

तिनं शेवटच्या अडीच वर्षांचे कागद मोटारघराच्या फरशीवर ओळीनं मांडले. दीड तास ती गुडघ्यांवर बसून होती. मग ती उठली, किसनरावांचं किल्ल्यांचं रजिस्टर मागवलं आणि चार तारखा लिहून काढल्या. त्या चारही तारखांपुढची सही पाहून तिनं रजिस्टर मिटलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

५

भालचंद्ररावांच्या खोलीत सगळे जमले. मुबीनानं टेबलावर पाच गोल कागद ठेवले आणि आवाज न चढवता बोलायला लागली.

"सकाळपासून आपण एकच प्रश्न विचारतोय. साठ पोती एका रात्रीत, गाडीशिवाय, बंद फाटकातून कशी गेली? उत्तर मिळत नाही, कारण तसं घडलेलंच नाही. काल त्या खोलीत साठ पोती नव्हती. बारा होती."

किसनराव उठून उभे राहिले. तिनं त्यांना हातानं बसवलं.

"भरलेल्या माठातलं पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. वाटीभर पाणी पटकन तापतं, पटकन निवतं. खोलीचंही तसंच आहे. बारा क्विंटल गार धान्य आत असेल तर मोटर बंद झाल्यावर खोली हळूहळू तापते. रेघ लाटेसारखी येते. धान्य कमी झालं की लाटेचे दाते होतात. हा पहिला कागद पाहा. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. मंगळवारपर्यंत मोठ्या लाटा, मंगळवारी दुपारी दार उघडल्याची खूण, आणि बुधवारपासून लाट आखूड. ती पुन्हा कधीच पूर्वीएवढी झाली नाही. असं चारदा घडलंय. चौथ्यांदा गेल्या फेब्रुवारीत. चार वेळा, चार वळी, अठ्ठेचाळीस पोती. समोरची वळ बाजूला करायची, मागची काढायची, समोरची परत लावायची. दारातून मोजणाऱ्याला बारा पंचे साठच दिसणार."

आल्हाद पुढं झुकून कागद पाहत होता. "मी ऑक्टोबरमध्ये आलो," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला.

"म्हणून संशयितांतून तुमचं नाव गेलं. कय्यूमभाईंचं यासाठी गेलं, की चोर आपल्याविरुद्धचा पुरावा सात वर्षं सुतळीनं बांधून ठेवत नाही. किसनकाका उरले. पण या चारही तारखांना किसनकाका रजेवर होते. किल्ली प्रयोगशाळेत होती. सही प्रतिमाबाईंची आहे, आणि फाटकाच्या नोंदीप्रमाणे त्या चारही दिवशी प्रयोगशाळेची जीप चाचणीचं बी घेऊन लोणारच्या प्लॉटवर गेली आहे. फाटकावर कोण विचारणार? त्या जीपमध्ये पोती रोजच असतात."

प्रतिमाबाईंनी समोरचा कागद हातानं दूर सारला.

"शनिवारी गौसियानं निकाल थेट बैठकीत मांडला," मुबीना म्हणाली, "आणि सोमवारी खोली उघडायचं ठरलं. आता अठ्ठेचाळीस पोत्यांची तूट लपवायची एकच वाट होती. सगळी साठ एकदम चोरीला गेली असं दाखवायचं. रजेच्या दिवसांत किल्ली हाती असताना तिची नक्कल करून घेणं अवघड नव्हतं. रविवारी दुपारी कुलूप उघडलं, बारा पोती ढकलगाडीवरून पलीकडं नेली आणि मग उघड्याच कुलपावर मोटारघरातली करवत चालवली. गाडी लागली नाही, कारण ती बारा पोती आवाराबाहेर गेलीच नाहीत. भालचंद्रराव, पोत्यांत पोती लपतील अशी जागा एकच आहे. प्रयोगशाळेच्या नमुन्यांच्या गोदामात, मागच्या भिंतीशी, नवी लेबलं लावलेली बारा पोती असतील. गौसिया, तू जाऊन मोजून ये. हात लावून मोज."

गौसिया गेली. आठ मिनिटांनी ती परत आली आणि तिनं फक्त मान डोलावली.

भालचंद्ररावांचा चेहरा उतरला होता. संग्रामपूरच्या दुकानांत वर्षभरापासून आपल्यासारखाच मका दुसऱ्या नावानं विकला जातोय, अशा तक्रारी त्यांच्याकडे येत होत्या. त्यांनी त्या चौकशीसाठी दर वेळी प्रतिमाबाईंकडेच दिल्या होत्या.

"काऊन केलं असं, प्रतिमाताई?" त्यांनी विचारलं. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून कार्यालयात असं घरचं बोलणं निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"ते वाण मी घडवलं," प्रतिमाबाई म्हणाल्या. "पाकिटावर तुमचा फोटो आला. मी वाटा मागितला तेव्हा तुम्ही मला दिवाळीला साडी दिलीत. माझ्या भावाची जालन्याकडे छोटी कंपनी आहे, त्याला बी हवं होतं. आणि खरं सांगू? पहिल्या वेळी भीती वाटली. नंतर नाही. सात वर्षं ती पोती कुणी मोजली नव्हती. जे कुणाला लागत नाही, ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ते घेतलं तर कुणाचं काय गेलं, असंच वाटत राहिलं."

"एप्रिलमध्ये गेलं," मुबीना म्हणाली. "खोली भरलेली नव्हती, बाई. पाच भागांतले चार भाग मोकळी होती. कय्यूमभाई मोठीतलं बी हलवू म्हणाले तेव्हा तुम्ही हो म्हणाला असता, तर ते वाचलं असतं. पण मग खोली उघडावी लागली असती."

प्रतिमाबाईंनी पहिल्यांदा खाली पाहिलं. शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन पीक दाखवणारी बाई होती ती. दीडशे एकर म्हणजे काय, हे तिला त्या खोलीतल्या इतर कुणाहूनही जास्त कळत होतं. मग त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीतली बारा पोती अजून लोणारलाच आहेत. प्लॉटवरच्या शेडमध्ये, गार खोलीत. ती चांगली आहेत. पेरा."

६

सहा वाजता पोलिसांची गाडी आली, ती कय्यूमसाठी नव्हती. जीप लोणारला जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारी बारा पोती घेऊन परत आली. गौसियानं घाईनं चाचणी लावली. पाचव्या दिवशी शंभरात चौऱ्याण्णव कोंब वर आले होते. चोवीस पोती, म्हणजे चारशे ऐंशी किलो, साठ एकरांची सोय.

नव्वद एकर उरत होते. भालचंद्ररावांनी संग्रामपूरला शेतकऱ्यांना एकत्र बोलावलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. लोक तासभर बोलले, काही जण तोडून बोलले. मग ठरलं की ज्यांच्या विहिरींना हमखास पाणी आहे त्यांनी साठ एकर पेरायचे, बाकीच्यांनी यंदा दुसरं पीक घ्यायचं, आणि पुढच्या हंगामाच्या बियात पहिला हक्क त्यांचा. पाकिटावरचा स्वतःचा फोटो काढून टाकायला भालचंद्ररावांनी तिथूनच फोन केला. प्रतिमाबाईंना त्याचा आता उपयोग नव्हता, हे त्यांना कळत होतं.

मुबीना अहवाल द्यायला गेली तेव्हा आल्हाद तिला फाटकापर्यंत सोडायला आला. सरळ स्वभावाचा मुलगा होता, सरळच विचारलं. "मॅडम, मग माझी यादी चूक होती की बरोबर?"

मुबीना म्हणाली, "तुम्ही म्हणालात, जादा असलं की माणसं ढिली पडतात. ते इथं शब्दशः खरं ठरलं. किसनकाका दारातूनच मोजत राहिले. पण त्याच जादा वेळात एका मुलीनं दुसरी चाचणी लावली आणि एका मिस्त्रीनं सात वर्षांचे कागद बांधून ठेवले. ते नसते तर आज कय्यूमभाई कोठडीत असते आणि तुम्ही पुढच्या वर्षीही कागदावरच्या साठ पोत्यांच्या भरवशावर बसला असता. जादा किती ठेवायचं ते तुमचं शास्त्र तुम्हाला सांगेल. मला एवढंच कळतं की जे ठेवाल त्याला धनी नेमा."

आल्हादनं मान हलवली. नवा जनरेटर यायचाच होता. जूनअखेर धाकटी खोली बंद झाली नाही. प्रयोगशाळेची किल्ली आणि जबाबदारी तात्पुरती गौसियाकडे आली आणि मोठ्या खोलीवरही गोल कागदाचं यंत्र बसलं. किसनरावांनी राजीनामा दिला. भालचंद्ररावांनी तो फाडला, पण मोजणीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि किसनरावांनी ते निमूटपणे मान्य केलं.

नोव्हेंबरात संग्रामपूरच्या साठ एकरांतून मका आला. विकायचा तो विकला. मादी वाणाचं बी वेगळ्या तुकड्यावर पिकवलं होतं, ते पोत्यांत भरून धाकट्या खोलीपुढं उतरवलं. आल्हाद त्या सकाळी लवकर आला. हमालांना त्यानं पोती दारात ठेवायला सांगितली आणि आत एकेक पोतं स्वतः उचलून नेलं. मागच्या भिंतीपासून सुरुवात केली आणि वळीमध्ये एक माणूस जाईल एवढी वाट सोडली. कय्यूम दारात उभा राहून आकडा लिहीत होता.

"किती झाले, कय्यूमभाई?"

"अठ्ठावन."

आल्हादनं शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. "माझ्याकडं एकोणसाठ आहेत."

"तं मग परत मोजा, साहेब," कय्यूम म्हणाला. "आपल्याले काय घाई हाय?"

आल्हाद वाटेतून वळला, मागच्या भिंतीपाशी गेला आणि पहिल्या पोत्यावर हात ठेवून त्यानं एकपासून सुरुवात केली.